कोऱ्या स्विचची चिठ्ठी

फोन आला तेव्हा सकाळचे आठ पंचवीस झाले होते आणि बारकी सराव परीक्षेचा शेवटचा पेपर तपासत होती. खरी परीक्षा दुपारी साडेबाराला. साठातले अठ्ठेचाळीस बरोबर आले होते, आणि उरलेल्या बारांच्या धास्तीनं समोरचा चहा तसाच निवत होता.

"मामा, बोल."

पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. भाऊ, बारकीचा मामा, म्हणजे बावीस वर्षं हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारा माणूस. भाचीला दोन टोमणे मारल्याशिवाय कामाचं बोलायची त्याची रीत नव्हती. आज टोमणा आला नाही, तेव्हाच बारकीनं पेन खाली ठेवलं.

"बारके, सगळं गेलं गं."

"काय गेलं?"

"सगळं. दुसऱ्या मजल्यावरचा स्विच पहाटे जळला. एक मजला बंद होता, म्हणून मी दुसरा जोडला, तर अख्खी इमारत बंद पडली. फोन नाहीत, लॅब नाही, अतिदक्षता विभागातला मोठा पडदा काळा झालाय. नर्सा एकेका खाटेजवळ जाऊन उभ्या आहेत. मी काही केलं नाही गं. नुसता जोडला!"

"कुठला जोडलास?"

"आपला, तुझ्या टेबलावरचा. नवीन यायला दोन दिवस लागतील म्हणाले. आणि चिठ्ठी होती ना त्याच्यावर, कोरा म्हणून."

बारकीनं टेबलाकडे पाहिलं. स्विचच्या, म्हणजे संगणकांच्या तारा एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या, जागी धुळीचा चौकोन होता. सकाळी सातपासून ती त्या चौकोनासमोर बसून होती आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

चिठ्ठी म्हटलं की या घरात विषय संपला. नानांनी, म्हणजे बारकीच्या आजोबांनी, पस्तीस वर्षं जमिनीखालच्या टेलिफोनच्या तारा जोडल्या. खड्ड्यात उतरलं की नऊशे तारा एकसारख्या दिसतात. तेव्हा तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायची, आणि चिठ्ठीवर शंका घ्यायची नाही, असा त्यांचा कायदा. त्यांची दोन्ही पोरं, भाऊ आणि बारकीची आई, त्याच कायद्यात वाढली, पुढं दोघांनी मिळून नेटवर्कचा धंदा काढला, तोही त्याच कायद्यानं. किल्ल्यांना चिठ्ठ्या, औषधांच्या डब्यांना चिठ्ठ्या. मामी लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिला फ्रिजच्या वायरवर 'फ्रिज' अशी चिठ्ठी सापडली होती आणि माहेरी फोन करून ती पोट धरधरून हसली होती. नंतर हसणं बंद झालं. आता तिच्या शिवणाच्या पेटीतही चिठ्ठ्या आहेत.

एखाद्या यंत्राची जुनी आठवण पूर्ण पुसली की त्याला पांढरी चिठ्ठी लागायची: कोरा, तारीख, सही. ती पाहिली की पुन्हा तपासायचं नाही. या चिठ्ठीवर मंगळवारची तारीख होती आणि सही बारकीची होती.

तिला आता सगळं कळलं. मोठ्या इमारतीच्या नेटवर्कात गल्ल्या पाडलेल्या असतात. फोनची गल्ली निराळी, लॅबची निराळी, पेशंटच्या मॉनिटरची निराळी. या गल्ल्यांची यादी सगळे स्विच आपसात वाटून घेतात, आणि ज्याच्या यादीत सर्वांत जास्त वेळा फेरबदल झालाय त्याचीच यादी ताजी समजून बाकीचे मुकाट आपापली खोडून टाकतात. हॉस्पिटलच्या यादीत चौसष्ट फेरबदल झाले होते. सरावाच्या स्विचवर अकराशे बारा. का नसतील? आधी भाऊ त्याच्यावर शिकला, मग बारकी. रोज गल्ल्या पाडायच्या, रोज मोडायच्या. नेटवर्कचं नाव वेगळं असतं तरी निभावलं असतं. पण भाऊला हौस! सराव करायचा तर खऱ्यासारखा कर म्हणून त्यानं स्वतःच सरावाच्या स्विचला हॉस्पिटलचं नाव आणि हॉस्पिटलचा पासवर्ड देऊन ठेवला होता.

गल्ल्यांची यादी वेगळ्या फाइलीत असते. बाकी सगळं पुसलं तरी ती मागं राहते, तिला वेगळं पुसावं लागतं. हे बारकीला माहीत नव्हतं असं नाही. त्यावरचा प्रश्न तिनं आजच्या सराव पेपरात बरोबर सोडवला होता. मंगळवारी तिनं ती फाइल पुसली नव्हती, एवढंच.

"मामा, तो स्विच काढून टाक. आत्ता. दुसरं कशालाही हात लावू नकोस, मी येते."

"आणि तुझी परीक्षा?"

"आलेच," ती म्हणाली. तिनं पेपर तसाच टाकला आणि दाराकडे धावली.

व्हॅन आक्कानं काढली. बारकीची आई म्हणजे या आक्का. धंद्याच्या मालकीणबाई, आणि रागावल्या की सिग्नललासुद्धा दटावतील अशा.

"मी सांगते तुला," ती गिअर टाकत म्हणाली, "याची नजर गेलीय. हात गेलाय. प्रमाणपत्राची मुदत नऊ दिवसांत संपतेय आणि अभ्यासाला बसायचं नाव नाही. विचारलं की म्हणतो, वेळ नाही. आता आहे का वेळ? आता काय करणार आहे वेळेचं?"

"आई, हळू चालव."

"तू बोलू नकोस. तू प्रश्न आठव. एकाला अक्कल नाही म्हणून दुसऱ्यानं नापास व्हायचं काही कारण नाही."

आई, चूक माझी आहे. चार शब्द. बारकीनं ते जुळवले, तोंडापर्यंत आणले आणि परत गिळले. तिला वाटलं, पोहोचलो की सांगू. भित्र्या माणसाला पुढचं वळण नेहमी सोयीचं वाटतं. वळणावर वळणं गेली, व्हॅन हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी थांबली.

नेटवर्कची खोली एक्स-रे विभागाच्या मागं होती, अरुंद आणि थंडगार. भाऊ कपाटासमोर गुडघ्यांवर बसला होता. बाहेरच्या व्हरांड्यातून धावणाऱ्या चपलांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला त्याला वाटत होतं, आता कुणीतरी येऊन सांगणार की अमुक खाटेवरचा पेशंट गेला. त्या चाळीस मिनिटांत त्यानं मनातल्या मनात तीन माणसं मारली होती. हातातला स्क्रूड्रायव्हर दोनदा पडला होता. तिसऱ्यांदा त्यानं तो उचललाच नाही.

आक्का दारातूनच कडाडली, "काय करून ठेवलंस रे हे?"

"आक्का, तू वर जा," भाऊ म्हणाला. "अधीक्षकबाईंना सांग, अर्ध्या तासात येतंय. काहीतरी सांग. तुला बोलता येतं."

आक्का गेली. दार लागलं तशी बारकी त्याच्या शेजारी बसली.

"मामा, मी यादीची फाइल पुसली नव्हती."

भाऊनं तिच्याकडे पाहिलं. मग बाजूला काढून ठेवलेल्या स्विचकडे. त्याच्या चेहऱ्यावर आधी काय आलं म्हणाल, तर सुटका. आपलं डोकं अजून शाबूत आहे, आपण काही वेडंवाकडं केलेलं नाही, हे कळल्याची सुटका. दुसऱ्याच क्षणी त्याला त्या सुटकेची लाज वाटली.

"चिठ्ठी लावलीस," तो हळूच म्हणाला.

"लावली."

"अगं, चिठ्ठी लावलीस!"

"मला माहीताय रे! वीस प्रश्न बाकी होते, घाई होती. मला वाटलं झालं सगळं." तिचा आवाज चिरकला. "वर कुणाला काही झालं तर?"

"होणार नाही. पेशंटच्या अंगावरची यंत्रं चालू आहेत, फक्त मोठ्या पडद्यावर दिसत नाहीत. रडू नकोस, मला दिसत नाही मग काही. बस इथं. टाइप कर."

"कशावरून? यादी कुठाय?"

यादी लॅपटॉपमध्ये होती, ती सहा महिन्यांपूर्वीची. मधल्या काळात चार गल्ल्या वाढल्या होत्या. भाऊनं मान वर केली. कपाटातून तीनशे तारा खाली लोंबत होत्या आणि प्रत्येक तारेला, अर्थातच, चिठ्ठी होती. खोली, मजला, गल्लीचा क्रमांक. भाऊच्याच बारीक अक्षरात.

"वाचतो," तो म्हणाला.

"चिठ्ठ्यांवरून?" बारकी म्हणाली, आणि दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळून कामाला लागले.

तो वाचत गेला आणि ती टाइप करत गेली. दहा. अकरा. चौदा, फोन. वीस, लॅब. त्याचा आवाज आधी कापत होता, मग सरळ झाला.  एक आकडा चुकला असता तर लॅबच्या तारा औषधांच्या दुकानात गेल्या असत्या, म्हणून प्रत्येक आकडा ती मोठ्यानं परत म्हणत होती. चाळीस, मॉनिटर, या ओळीनंतर तिनं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

"आले," भाऊ म्हणाला. "उघड डोळे. हिरवे आले बघ दिवे."

वरून कुणीतरी ओरडलं, पडदा आला, पडदा आला! त्यात आक्काचाही आवाज होता. बारकी भिंतीला टेकून बसली. सतरा गल्ल्या घालून झाल्या तेव्हा दहाला पाच कमी होते.

भाऊनं सरावाचा स्विच मांडीवर घेतला. नखानं हलकेच चिठ्ठी सोडवली, तिची चौघडी केली आणि खिशात घातली.

"ते काय करतोयस?"

"काही नाही. तू आत्ता जे बोललीस ना, ते मी ऐकलं नाही. कळलं?"

बारकीनं मान खाली घालून लॅपटॉप मिटला. 

अधीक्षकबाई किडकिडीत आणि हळू बोलणाऱ्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भाऊसमोर एक कागद सरकवला.

"दीड तास. दोन शस्त्रक्रिया मध्येच थांबवाव्या लागल्या. सुदैवानं कुणाला इजा नाही. हा दुर्घटनेचा अर्ज. चूक कोणाची, काय झाली, त्याचं नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, सही. पाच वाजेपर्यंत माझ्या टेबलावर हवा. नियम तुम्हाला माहीत आहे."

नियम माहीत होता. अर्जावर ज्याचं नाव, त्याला वर्षभर हॉस्पिटलच्या नेटवर्कला हात लावायची बंदी.

घरी खालच्या खोलीत, वायरच्या रिळांमध्ये, सगळे जमले. नाना कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऐकू कमी येत होतं, पण त्यांना हवं तेवढं यायचं. मामीनं सगळ्यांच्या हातात पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहिली, नेहमीसारखी, अर्धी आत अर्धी बाहेर. बारकीच्या परीक्षेला दीड तास होता.

"मी नाव घालतो माझं," भाऊ म्हणाला. "जोडला मी. विषय संपला."

"ते तर झालंच," आक्का म्हणाली. "दुसरं कुणाचं घालणार? पण पुढचं ऐका. करार पहिल्या तारखेला नव्यानं व्हायचाय, आणि त्यात प्रमाणपत्रवाला एक माणूस दाखवावा लागतो. भाऊ बाद झाला, म्हणजे बारकी. म्हणजे आज ही पास झालीच पाहिजे. नाही झाली तर हॉस्पिटल गेलं. आणि हॉस्पिटल गेलं तर या खोलीला कुलूप लावायचं, एवढंच काम उरेल आपल्याला."

सगळ्यांनी बारकीकडे पाहिलं.  तिनं हातातला ग्लास जमिनीवर ठेवला.

"नेहमी यांचंच नाव का?" दारातून आवाज आला.

मामी कधी मध्ये बोलायची नाही. त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं.

"अगं, त्यानंच केलंय," आक्का म्हणाली.

"काय केलंय? चिठ्ठी बघून जोडला. तुमच्या घरात हेच शिकवतात ना? चिठ्ठी कुणाची होती, ते विचारलं का कुणी?"

"गप्प बस तू," भाऊ म्हणाला.

"नाही बसणार. बावीस वर्षं हा माणूस तिथं राबलाय. सणासुदीला, आजारपणात, कधी नाही म्हणाला नाही. वर्षभर बंदी म्हणजे कायमचीच समजा. एकदा बाहेर काढलेल्या पन्नाशीच्या माणसाला कोण परत घेतं? आणि तुम्ही म्हणता अभ्यासाला बसत नाही." मामी आता थेट आक्काकडे वळली. "दोनदा बसलेत ते परीक्षेला, आक्का. कुणाला न सांगता. दोनदा नापास झालेत. दुसऱ्या वेळी घरी आले आणि न्हाणीघरात नळ सोडून बसले, मला रडणं ऐकू येऊ नये म्हणून."

 भाऊ रिळावरची वायर बोटाला गुंडाळत राहिला.  इतके दिवस आक्का भावाला आळशी म्हणत आली, आणि आता ते शब्द तिच्याच अंगावर आले.

"मला का नाही सांगितलंस?" ती शेवटी म्हणाली.

"तू काय म्हणाली असतीस?"

आक्का जवळच्या रिळावर बसली.

"चिठ्ठी कुणाची होती?" कोपऱ्यातून नानांनी विचारलं.

"माझी होती," भाऊ पटकन म्हणाला. बारकीनं ओठ उघडले होते. तिच्या आधी तो बोलला, आणि तो तसा बोलावा म्हणून ती पळभर थांबली होती, हेही खरंच. "चला, उठ. उशीर होईल. मी सोडतो तुला."

स्कूटरवर मागं बसून बारकी म्हणाली, "मामा, मी बाईंना सांगणार आहे."

"वेडी आहेस का? माझं प्रमाणपत्र नऊ दिवसांनी मरणारच आहे. मेलेल्याच्या नावावर घाल काय घालायचं ते. तुझं अजून जन्मायचंय."

"आणि तू?"

"मी सुटलो," भाऊ म्हणाला, आणि हसला. त्या हसण्यात नको तेवढा हलकेपणा होता. तेव्हा बारकीला उमगलं. त्याला भाचीला वाचवायचं होतं, यात शंका नाही. पण अर्जावर नाव गेलं की त्याला तिसऱ्यांदा त्या परीक्षेला बसावं लागणार नव्हतं, तेही त्याला हवं होतं. बारकीलाही हेच सोयीचं होतं. दोघांची भीती एकाच कागदात मावत होती.

परीक्षा केंद्रात तिला खिसे उलटे करून दाखवावे लागले. बाह्या वर करायला लावल्या, चष्मा काढून काड्या तपासल्या. घड्याळ, रुमाल, फोन, सगळं लॉकरमध्ये. डोक्यावर कॅमेरा. डाव्या बाजूचा माणूस दुसरीच कसलीतरी परीक्षा देत होता आणि सारखे उसासे टाकत होता.

पहिला प्रश्न तिला तीनदा वाचूनही कळला नाही. प्रत्येक आकृतीतल्या स्विचच्या जागी तिला हॉस्पिटलचं कपाट दिसत होतं. सातव्या प्रश्नापर्यंत अकरा मिनिटं गेली होती, मागं जायची सोय नव्हती, आणि पास व्हायची भीती वाटावी की नापास व्हायची हेच तिला ठरवता येईना. नापास झाली तर धंदा बुडेल. पास झाली तर मामाच्या नावावर आपलं पाप टाकून उद्यापासून त्याच्याच खुर्चीत बसायचं. फाइल राहून गेलेल्या स्विचवर प्रश्न येणार, असं तिला सारखं वाटत होतं. तो आला की आपण तिथंच ओकू. तो आलाच नाही. एकशे वीस मिनिटं ती त्याची वाट पाहत राहिली, आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरं कशी देत गेली ते तिचं तिलाही आठवलं नाही.

शेवटी पडदा काही सेकंद पांढरा झाला. मग अक्षरं आली. उत्तीर्ण.

निरीक्षकानं निकालाचा कागद छापून दिला. वरच्या कोपऱ्यात तिच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता. तिनं लॉकरमधलं सामान घेतलं आणि निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

साडेचारला अधीक्षकबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर आक्का आणि भाऊ दोन टोकांना बसले होते. भाऊच्या मांडीवर भरलेला अर्ज होता. लेकीला जिन्यावरून येताना पाहिलं आणि आक्का उठून धावलीच.

"काय झालं? बोल की! काय झालं?"

"पास."

आक्कानं तिला मिठी मारली. चारचौघांत, औषधांच्या ट्रॉलीला धक्का देऊन. तिच्या खांद्यावरून बारकी भाऊकडे पाहत होती. तोही हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

"मामा, चिठ्ठी दे."

"कसली चिठ्ठी?"

"खिशातली."

आक्कानं मिठी सोडली. एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मूर्ख बाई नव्हती ती. सकाळची मामीची वाक्यं, लेकीचं गप्प राहणं, सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात जागेवर बसलं.

"बारके," ती दबक्या आवाजात म्हणाली, "गप्प बस. ऐक माझं. आत्ता काही बोलू नकोस. भाऊनं ठरवलंय ना? तो तयार आहे ना? तुझ्यावर बंदी आली तर पहिल्या तारखेला दाखवायला माणूस कुठला आणायचा मी?"

"मामा आहे."

"त्याची मुदत संपतेय!"

"नऊ दिवस आहेत." बारकीनं हात पुढंच धरला होता. "मामा, दे."

"नको गं," भाऊ म्हणाला. आता तो खराखुरा घाबरला होता. सकाळी कपाटासमोर होता तसा. "मला नाही जमायचं. ते प्रश्न बघितले की माझं डोकं बंद पडतं. सगळं येत असतं मला, आणि तो पडदा समोर आला की काही येत नाही. मला पाठवू नकोस तिथं परत. पाया पडतो तुझ्या."

"मला पण भीती वाटतेय," बारकी म्हणाली. "तू दे आधी. नाहीतर मी पळून जाईन."

भाऊनं बहिणीकडे पाहिलं. लहानपणी मार पडायच्या आधी बघायचा तसंच. आक्कानं डोळे मिटून घेतले. मग, न बघताच, तिनं मान हलवली. दे.

आत बाईंसमोर बारकीनं अर्जावरचं नाव खोडलं आणि आपलं लिहिलं. चूक काय, त्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. पांढरी चिठ्ठी टाचणीनं लावली. प्रमाणपत्राचा क्रमांक विचारला होता तिथं तिनं निकालाचा कागद उघडून बघून बघून एकेक आकडा उतरवला, कारण तो अजून पाठ झाला नव्हता.

बाईंनी सगळं वाचलं. "हा क्रमांक आजचा आहे?"

"दोन तासांपूर्वीचा."

बाईंनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी नियमाप्रमाणे शिक्का मारला.

सहाच्या सुमाराला सगळे पुन्हा खालच्या खोलीत होते. कुणी अभिनंदन केलं नाही, कुणी बोल लावला नाही. बारकीनं सरावाचा स्विच टेबलावर ठेवला, जोडला, पुसला. यादीची फाइल वेगळी पुसली. बंद करून चालू केला. मग तिनं पांढरी चिठ्ठी कापली, कोरा असं लिहिलं, तारीख घातली, आणि सही न करता ती भाऊपुढं धरली.

"आधी तू तपास."

भाऊचा हात पुढं आला आणि थांबला. चिठ्ठी लिहून झालेल्या यंत्रावर शंका घ्यायची, तीही नानांसमोर, हे त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं.

"तपास की," नाना म्हणाले. "मीसुद्धा तपासायचो."

"काय?"

"चिठ्ठी वाचायची, आणि मग तार फोनला लावून ऐकायची. दर वेळी. पस्तीस वर्षं." म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "तुम्ही पोरं खड्ड्याच्या काठावर उभी असायचात. वरून तुम्हाला चिठ्ठीच दिसायची. खाली मी काय करतोय, ते सांगायचं राहून गेलं माझं."

टेबलाशी बसलेली आक्का वडिलांकडे बघतच राहिली. मामी दाराशी होती; ती आत आली, भिंतीजवळची खुर्ची तिनं उचलली आणि टेबलाशी, बारकीच्या शेजारी, आणून ठेवली. भाऊ त्या खुर्चीवर टेकला. त्यानं कीबोर्ड जवळ ओढला आणि एका बोटानं, चुकतमाकत, आज्ञा टाइप केली. फेरबदलांचा आकडा शून्य आला. त्यानं तो दोनदा वाचला, चिठ्ठीवर सही केली, आणि घाम पुसला.

"नऊ दिवस," तो म्हणाला.

"नऊ."

"विचार मग पहिला प्रश्न," भाऊ म्हणाला, आणि टेबलाखाली त्यानं आक्काचा हात घट्ट धरला.